कानात बिल्ला नसलेली मशिनं

सरांनी बिलाचा कागद माझ्या टेबलावर ठेवला, एका ओळीभोवती पेनानं गोल काढला आणि म्हणाले, "हे ईबीएस म्हणजे काय भानगड आहे? सर्व्हर कमी केले ना आपण? मग हा आकडा चढतोच कसा?"

२०२२ चा जुलै. कोल्हापुरात आमचं छोटं ऑफिस, दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर करतो. सकाळ-संध्याकाळ शेतकरी दूध घालायला येतो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) मोजलं जातं, पावती निघते, दहा दिवसांनी बिल होतं. हे सगळं मागे ॲमेझॉनच्या क्लाउडवर, म्हणजे त्यांच्याकडून भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवर, मुंबई रीजनमध्ये चालतं. क्लाउड सांभाळायला वेगळा माणूस ठेवण्याएवढे आम्ही मोठे नाही. मी दूधबिलाचे रिपोर्ट लिहिणारी प्रोग्रामर, पायथन येतं, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

ईबीएस म्हणजे मशीनला, म्हणजे अशा भाड्याच्या सर्व्हरला, जोडलेली डिस्क. मशीन टर्मिनेट केलं की त्याची मूळ डिस्क सहसा आपोआप जाते, तशी खूण तिला आधीच लावलेली असते. पण नंतर वेगळी जोडलेली डेटाची डिस्क जात नाही. मशीन मोडून टाकलं तरी ती मागे उरते, आणि जेवढ्या जीबीची मागितली होती तेवढ्या जीबीचं भाडं महिनोन्महिने चालू राहतं. त्यात काही लिहिलंय की रिकामी आहे, याच्याशी भाड्याचा संबंध नाही. आम्ही चार वर्षांत बरीच मशिनं उभी केली आणि मोडली होती. डिस्का कुणीच मोजल्या नव्हत्या.

पहिल्या दिवशी मी ब्राउझरमधून एकेक डिस्क उघडून बघायला लागले. ही कुठल्या मशीनची, कधी केली, कुणी केली. दहाएक झाल्यावर कुठली बघितली आणि कुठली राहिली तेच कळेना. वहीत आयडी लिहायला घेतले, तर ते सतरा अक्षरांचे. तेव्हा मी वही मिटली आणि बोटो३ इन्स्टॉल केलं.

बोटो३ ही ॲमेझॉनच्या क्लाउडशी पायथनमधून बोलायची लायब्ररी. ॲमेझॉन नदीत बोटो नावाचा डॉल्फिन असतो, त्यावरून हे नाव. ही तिसरी आवृत्ती २०१५ पासून आहे. तिच्यात कामाला दोन दारं आहेत हे मला सुरुवातीला माहीत नव्हतं, आणि मी चुकीच्या नव्हे पण खडबडीत दारातून आत शिरले. त्याला म्हणतात क्लायंट. क्लायंटला विचारलं की "मशिनं सांग", तर उत्तर म्हणून एक भलीमोठी डिक्शनरी, म्हणजे नाव आणि त्यापुढं माहिती अशा जोड्यांची रचना, येते. तिच्यात रिझर्व्हेशन्स नावाची यादी, त्या यादीतल्या प्रत्येकात इन्स्टन्सेस नावाची यादी, त्यातल्या प्रत्येकात स्टेट नावाची डिक्शनरी, आणि तिच्यात नेम. कांदा सोलावा तसं. शिवाय उत्तर लांब असलं की ते पानापानांत येतं, पुढचं पान मागायचं टोकन आपण जपायचं. मी पहिल्या पानावरच थांबले असते तरी मला कुणी सांगितलं नसतं.

दुसरं दार रिसोर्सचं. इथं मशीन हा ऑब्जेक्ट, डिस्क हा ऑब्जेक्ट, स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या घडीची नक्कल, हाही ऑब्जेक्ट. डिस्कला तिचा आकार विचारायचा, ती सांगते. तिला म्हणायचं, "तुझा स्नॅपशॉट काढ," ती काढते. "स्वतःला पुसून टाक" म्हटलं की पुसून टाकते. पानं उलटायचं काम ती यादी आपसूक करते. मला हे इतकं आवडलं की त्या दिवशी जेवायला घरी गेले नाही. 'अव्हेलेबल' म्हणजे कशालाच न जोडलेल्या, एवढाच फिल्टर लावला आणि चार ओळींच्या लूपमध्ये स्क्रीनवर १९ डिस्का आल्या. एकूण १,१४० जीबी. सरांच्या पेनाच्या गोलाचं उत्तर ते.

आता इथं जरा विषयांतर करते. क्लाउडवाल्यांमध्ये एक उपमा चालते, की सर्व्हरला पाळीव प्राण्यासारखं वागवू नका, गुरांसारखं वागवा. म्हणजे नाव ठेवू नका, नंबर द्या, आजारी पडला तर काढून टाका आणि दुसरा आणा. ही उपमा ज्यानं काढली त्यानं करवीर तालुक्यातला गोठा पाहिलेला नसणार. आमच्याकडं चार म्हशी असल्या तर चारही म्हशींना नावं असतात, आणि त्या नावानं हाक मारली तरच त्या धारेला उभ्या राहतात. आणि नंबरही असतो! कानात पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडे. नाव गोठ्यात चालतं, बिल्ला सरकारी नोंदीत, डॉक्टरकडं, विम्यात. दोन्ही लागतं. क्लाउडमध्ये आयडी आपोआप मिळतो, पण मालक कोण, काम काय, हे सांगणारा टॅग आपण बांधायचा असतो. माझ्या १९ पैकी १४ डिस्कांना काहीच टॅग नव्हता.

आणि तिथंच स्क्रिप्ट पहिल्यांदा आपटली. मी प्रत्येक डिस्कचे टॅग लूपमध्ये वाचत होते. माझा समज असा की टॅग नसले तर रिकामी यादी मिळेल. मिळतं ते नन, म्हणजे काहीच नाही, आणि 'काहीच नाही'वर लूप फिरवता येत नाही. एरर वाचून मी पाच मिनिटं भलतीकडंच शोधत बसले. उपाय अर्ध्या ओळीचा: टॅग नसतील तर रिकामी यादी धर. ज्यांना टॅग होते त्यांची आणखी वेगळी तऱ्हा. आमच्यात वेळोवेळी चौघांनी टॅग लावलेले. एकानं पहिलं अक्षर कॅपिटल केलं होतं, एकानं नाही, एकानं पूर्ण शब्द लिहिला, एकानं तोडका. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक इथं फरकच मानला जातो, त्यामुळे 'टेस्ट'च्या फिल्टरमध्ये निम्मीच टेस्ट मशिनं सापडायची. एक अख्खी संध्याकाळ फक्त टॅग सरळ करण्यात गेली. कंटाळवाणं काम, पण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

डिस्का किती जुन्या हे बघताना वेळेनं गोंधळ घातला. डिस्कच्या ऑब्जेक्टकडून तिची जन्मवेळ मिळते, ती यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आणि टाइमझोन चिकटवलेली. माझी 'आत्ताची वेळ' बिनटाइमझोनची. पायथन अशा दोन वेळांची वजाबाकी करायला साफ नकार देतो. ते ठीक, नकार दिला म्हणून कळलं तरी. खरी अडचण पुढं होती. मला जन्मवेळ नको होती, डिस्क सुटी कधी पडली ते हवं होतं. २०१९ मध्ये केलेली डिस्क कालच सुटी झालेली असू शकते. ऑब्जेक्टमध्ये ती माहिती नसतेच. ती क्लाउडट्रेलमध्ये, म्हणजे कुणी कधी काय केलं याच्या नोंदवहीत, आणि वेगळं काही मांडून ठेवलं नसेल तर ती वही ९० दिवसांचीच मागची पानं दाखवते. मी ९० दिवसांत 'डिटॅच', म्हणजे डिस्क सुटी केल्याच्या नोंदी, शोधल्या, दोन सापडल्या. उरलेल्या १७ तीन महिन्यांहून जुन्या पोरक्या आहेत असं मानायचं ठरवलं.

पुसायच्या आधी डिस्कचा स्नॅपशॉट काढून ठेवायचा असं सरांनी बजावलं होतं. "दूधबिल आहे. उद्या कुठल्या संस्थेचं ऑडिट निघालं म्हणजे?" बरोबरच होतं. स्नॅपशॉटला प्रत्यक्ष भरलेल्या भागाचेच पैसे पडतात, त्यामुळे १०० जीबीच्या डिस्कवर ६ जीबी लिहिलेलं असेल तर बचत चांगलीच. पुसण्याच्या मेथडला, म्हणजे हुकमाला, ड्राय रन नावाची एक सोय आहे: करू नको, फक्त करता आलं असतं का ते सांग. गंमत अशी की 'करता आलं असतं' हे उत्तरसुद्धा एरर म्हणूनच येतं. लाल अक्षरांत एक्सेप्शन, आणि आत लिहिलेलं की विनंती यशस्वी झाली असती. पहिल्यांदा ते बघून मी परवानग्या तपासत बसले होते.

स्नॅपशॉट मोजायला गेले तेव्हा दुसरी फजिती. "सगळे स्नॅपशॉट दे" म्हटलं आणि चहाला गेले. परत आले तरी स्क्रिप्ट चालूच. आमचे तीस-चाळीस स्नॅपशॉट असतील फार तर, आणि हजारो ओळी पळत होत्या. 'सगळे' म्हणजे खरोखर सगळे: त्या रीजनमध्ये जगानं सार्वजनिक करून ठेवलेलेसुद्धा. मालक म्हणून 'सेल्फ' सांगायचं असतं. दुसऱ्याचा स्नॅपशॉट मला पुसता आला नसता हे खरं, पण त्या पाच मिनिटांत माझ्या हाताला घाम आला होता.

असो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात १६ डिस्का गेल्या. तीन ठेवल्या, त्यातली एक कुठली ते पुढं सांगते. बिल उतरलं. सर खूश. आणि मी जरा जास्तच खूश, कारण मला वाटायला लागलं की क्लाउड आता माझ्या मुठीत आहे.

पुढचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलं. आमची सहा टेस्ट मशिनं रात्रभर चालू राहायची. रात्री कोण टेस्टिंग करतंय? संध्याकाळी बंद, सकाळी चालू, एवढंच करायचं होतं. रिसोर्सच्या यादीची एक खुबी आहे. एकेका मशीनला सांगायची गरज नाही, अख्ख्या यादीलाच सांगता येतं. मशिनं, त्यातली अमुक टॅगची, थांबा. एका ओळीत संपलं. मी त्याचं एक फंक्शन केलं. फंक्शनला फिल्टर द्यायचा. आणि का कोण जाणे, न दिला तर रिकामी यादी धरावी असं लिहिलं. तेव्हा ते मला फार नीटनेटकं वाटलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी सात वाजायला दहा मिनिटं होती. टर्मिनलवर पायथन उघडंच होतं. म्हटलं, घरी जायच्या आधी एकदा हातानं चालवून बघू. फंक्शनचं नाव टाइप केलं, कंस उघडला, कंस मिटवला, एंटर.

उत्तरात सहा ओळी अपेक्षित होत्या. प्रत्येक मशीनची आधीची स्थिती 'रनिंग', आताची 'स्टॉपिंग'. ओळी सरकत राहिल्या. मी मोजल्या नाहीत, पण सहा नाहीत हे डोळ्यांना कळलं. सतरा होत्या. रिकामा फिल्टर म्हणजे काहीच निवडू नको असं नसतं. रिकामा फिल्टर म्हणजे काहीच गाळू नको.

संध्याकाळी सात म्हणजे संकलनाची ऐन वेळ.

पुढचं मला आजही नीट आठवतं, कारण त्यात मी स्वतःलाच फसवलं. मुख्य सर्व्हरचा ऑब्जेक्ट मी दुपारी एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवला होता. त्याला घाईघाईनं स्थिती विचारली. उत्तर आलं: रनिंग. मी खुर्चीत मागे टेकले. म्हटलं, याला काहीतरी संरक्षण असेल, हा वाचला. तेवढ्यात फोन वाजला. गगनबावड्याकडच्या एका संस्थेचे सेक्रेटरी.

"ताई, पावती निघंना झालीया. लाइन लागलीया हितं."

ऑब्जेक्ट खोटं बोलत नव्हता. तो दुपारचं सांगत होता. पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यानं एकदाच वर जाऊन माहिती आणली आणि स्वतःजवळ ठेवली. नंतर कितीदाही विचारा, तीच देतो. पुन्हा वर जाऊन बघून ये असं त्याला 'रीलोड' म्हणून सांगावं लागतं. मी ते वाचलेलं होतं, पण डॉक्युमेंटेशनमध्ये वाचणं वेगळं. रीलोड केलं. स्टॉपिंग.

"मामा, दहा मिनिटं हातानं लिहून घ्या."

"लिवतोय की. पर दराचं काय? फॅटवर दर तुमच्याकडनंच येतोय न्हवं?"

मी 'स्टार्ट' म्हटलं. नकार. थांबत असलेलं मशीन चालू करता येत नाही, ते आधी पूर्ण थांबावं लागतं. चालत्या जात्याला उलटं फिरवता येत नाही तसं. मग 'थांबेपर्यंत वाट बघ' ही मेथड लावली. ती दर १५ सेकंदांनी एकदा विचारून येते, जास्तीत जास्त ४० वेळा. पंधरा सेकंद हा एरवी काय वेळ आहे? त्या संध्याकाळी दर पंधरा सेकंदांच्या मध्ये मी एक फोन घेत होते. डेटाबेस वेगळ्या सेवेत, आरडीएसमध्ये होता म्हणून तो या सतरात नव्हता, एवढंच नशीब. मुख्य सर्व्हर पुन्हा उभा राहून पहिली पावती निघाली तेव्हा सात वाजून एक मिनिट झालं होतं. अकरा मिनिटं.

सरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "पुसलं तर नाहीस ना काही?" नाही म्हटलं. "मग घे पाणी पी."

पण गोष्ट तिथं संपली नाही. मशीन थांबवून चालू केलं की त्याचा सार्वजनिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, बदलतो, जर इलास्टिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, बांधलेला नसेल तर. मुख्य सर्व्हरला होता. एका जुन्या मशीनला नव्हता, आणि जुन्या आवृत्तीवरची २३ संकलन केंद्रं थेट त्या आकड्यावरच जोडलेली होती. नाव नाही, नुसता आकडा. चार वर्षांत ते मशीन कधी बंदच झालं नव्हतं, म्हणून कुणाला आठवणही नव्हती. सकाळी सहाच्या आत २३ ठिकाणी तो आकडा बदलायला हवा होता. त्यातली निम्मी ठिकाणं अशी की तिथं रिमोट घेण्याएवढं नेट नाही.

रात्री अकरापर्यंत मी फोनवर आकडे सांगत होते. राधानगरीकडच्या एका सेक्रेटरींना म्हटलं, "तेरा, टिंब, दोनशे तेहेतीस, टिंब..." ते म्हणाले, "टिंब म्हंजी पूर्णविराम का अनुस्वार?" मी हसले, मग जरा रडलेही. त्यांच्या सुनेनं फोन घेतला आणि एका मिनिटात करून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यात आधी फंक्शनमधली ती रिकामी यादी काढली. फिल्टर द्यावाच लागतो, आणि रिकामा दिला तर फंक्शन तिथंच थांबतं. पण खरा फरक पडला तो परवानगीत. आतापर्यंत माझी स्क्रिप्ट माझ्याच चाव्यांवर चालायची, आणि माझ्या चाव्यांनी सगळं उघडायचं. मग स्क्रिप्टसाठी वेगळा रोल, म्हणजे परवानग्यांचा वेगळा संच, केला. त्यात लिहिलं की टेस्टचा टॅग असलेलीच मशिनं थांबवता येतील. आता सतरांची नावं पाठवली तरी त्यातल्या एकाला परवानगी नाही म्हणून अख्खी विनंतीच नाकारली जाते. माझ्या बोटांवर माझा विश्वास नाही, त्या ओळीवर आहे. शिवाय मोटो नावाची एक लायब्ररी सापडली. ती पायथनच्या आतच खोटं क्लाउड उभं करते. त्यात सतरा लुटुपुटूची मशिनं मांडून मी तीच चूक दहा वेळा करून बघितली. आधी सापडली असती तर किती बरं झालं असतं, असं म्हणवत नाही, कारण सापडली असती तरी मी त्या आठवड्यात वापरली नसती.

मग ती स्क्रिप्ट लॅम्बडावर, म्हणजे आपलं मशीन न ठेवता स्क्रिप्ट चालवणाऱ्या ॲमेझॉनच्या सेवेवर, टाकली आणि वेळापत्रक लावलं. ते वेळापत्रक, म्हणजे तिथला क्रॉन, यूटीसीवर चालायचा. मी साडेआठ लिहिले आणि मशिनं रात्री दोनला बंद व्हायला लागली. हे चार दिवसांनी कळलं, बिलाच्या आलेखावरून. आपले रात्रीचे साडेआठ म्हणजे त्यांचे दुपारचे तीन.

आणखी एक मशीन असं होतं की ते रोज संध्याकाळी थांबायचं आणि सकाळी पाहावं तर त्याच्या जागी वेगळ्याच आयडीचं मशीन. भुताटकीच. ते ऑटो स्केलिंगच्या, म्हणजे मशिनांची संख्या आपोआप सांभाळणाऱ्या, गटातलं होतं. गटाला सांगून ठेवलेलं की एक मशीन कायम हवं. मी थांबवलं की गट त्याला आजारी समजून काढून टाकायचा आणि नवीन आणायचा. म्हणजे वाचवायचं राहिलं बाजूला, रोज एक मशीन मारत होते. अशा ठिकाणी मशीनशी बोलून उपयोग नाही, गटाशी बोलायचं, किमान आणि हवी असलेली संख्या शून्य करायची.

टेस्टचा डेटाबेसही रात्री थांबवावा म्हणून आरडीएसकडं वळले, तर त्याला रिसोर्सचं दारच नाही. मोजक्याच सेवांना आहे: ईसी२ (म्हणजे ही आपली मशिनं), एस३, डायनॅमोडीबी, एसक्यूएस अशा काही. बाकीच्यांशी क्लायंटमधूनच बोलायचं, परत ते कांदे सोलणं. आरडीएसची आणखी एक रीत आहे. थांबवलेला डेटाबेस सात दिवसांनी आपोआप चालू होतो. दिवाळीत आम्ही सुट्टीवर जाताना थांबवून गेलो आणि तो भाऊबीज संपल्यावर आपला आपण उठून बसला.

जीपी२ जातीच्या डिस्का जीपी३ मध्ये बदलल्या तेव्हाही तेच. जीपी३ ला दर जीबीमागे वीस टक्के कमी पडतात, मशीन चालू असतानाच बदल होतो, न करायला कारणच नाही. पण डिस्कच्या ऑब्जेक्टला 'तू तुझी जात बदल' म्हणायची मेथडच नाही. ऑब्जेक्टच्या आत लपलेला क्लायंट बाहेर काढून त्याला आयडी देऊन सांगावं लागतं. सुरुवातीला मला हे हरल्यासारखं वाटायचं. आता माझ्या स्क्रिप्टमध्ये निम्म्या ओळी क्लायंटच्या असतात. पुढं डॉक्युमेंटेशनमध्येही सूचना आली की रिसोर्समध्ये नवीन काही घालायचा विचार नाही, आहे ते चालत राहील. त्यामुळे ऑफिसात नवीन आलेल्या पोरांना मी क्लायंटच शिकवते. माझी जुनी स्क्रिप्ट मात्र रिसोर्सवरच आहे. वाचायला ती मराठीसारखी वाटते: ही मशिनं, त्यातली टेस्टची, थांबा.

२०२४ च्या फेब्रुवारीपासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला ताशी अर्धा सेंट लागायला लागला, वापरात असो वा नसो. त्याआधी आम्ही निवांत होतो. जानेवारीतच स्क्रिप्टमध्ये कशालाही न बांधलेले पत्ते शोधायची ओळ घातली. चार सापडले. सोडून देण्याआधी प्रत्येक आकडा २३ केंद्रांच्या यादीशी ताडून बघितला, दोनदा.

आणि ती ठेवलेली डिस्क. आठ जीबीची. तिला टॅग आहे, एकच, आणि त्यात एवढंच लिहिलंय: "विचारल्याशिवाय काढू नये." कुणाला विचारायचं ते लिहिलेलं नाही. क्लाउडट्रेलच्या ९० दिवसांत ती नाही. जोडून बघितली, आत २०१९ चं एक दरपत्रक आणि एक रिकामा फोल्डर. ऑफिसात सगळ्यांना विचारलं, सोडून गेलेल्या दोघांनाही फोन केले. कुणालाच आठवत नाही.

महिन्याला पाऊणशे रुपयांच्या आसपास जातात तिच्यावर. दर एक तारखेला स्क्रिप्ट सरांना पोरक्या डिस्कांची यादी पाठवते आणि त्या यादीत ती एकटी असते. सर दरवेळी विचारतात, "आहे का अजून ती?"

"आहे सर."

"असू दे."